आमची उत्तरं विसरायचीच होती, तर प्रश्न विचारले कशाला?

३१ ऑक्टोबर २०२४ ला ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’ आला. त्याआधीचा भाग २०१४ चा. म्हणजे आम्ही तब्बल दहा वर्षं थांबलो होतो. नवीन पात्र तयार करताना गेमने मला मागच्या भागाबद्दल तीन गोष्टी विचारल्या. तुझ्या इन्क्विझिटरचं प्रेम कुणावर होतं? इन्क्विझिशन ही संघटना तू बरखास्त केलीस की चालू ठेवलीस? सोलासला थांबवायची शपथ घेतली होतीस की त्याला वाचवायची? बास. संपलं. एखादं पान सुटलं की काय म्हणून मी दोनदा मागे जाऊन पाहिलं. सुटलं नव्हतं.

२००९, २०११ आणि २०१४. तीन गेम आणि त्यात घातलेले शेकडो तास. फेरेल्डनच्या गादीवर कोण बसलं, मी जादूगारांच्या बाजूने उभी राहिले की टेम्प्लरांच्या, धर्मपीठावर डिव्हाइन म्हणून कुणाची निवड झाली, दुःखाच्या विहिरीचं पाणी मी प्यायले की मॉरिगन, यातलं काहीही विचारलं नाही. गंमत म्हणजे मॉरिगन स्वतः या गेममध्ये आहे. ती येते, बोलते, सल्ले देते, पण त्या विहिरीचा विषय अशा सफाईने टाळते, जसे लग्नात नातेवाईक जुन्या भांडणाचा विषय टाळतात.

याला कुणी ‘व्यावहारिक निर्णय’ म्हणतं, कुणी ‘नव्या खेळाडूंची सोय’. मी याला शब्द फिरवणं म्हणते, आणि या लेखात मला त्यावरच भांडायचं आहे.

ज्यांनी हे गेम खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आरपीजी मालिकेतला एक भाग संपला की त्याची सेव्ह फाइल पुढच्या भागाला द्यायची, आणि पुढच्या भागाने ती वाचून आपलं जग त्याप्रमाणे मांडायचं, याला सेव्ह इम्पोर्ट म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९८२ सालच्या ‘विझर्ड्री’च्या दुसऱ्या भागात पहिल्या भागातली पात्रं घेऊनच यावं लागायचं. पण तेव्हा पुढे जायची ती पात्राची ताकद. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने २००७ पासून ‘मास इफेक्ट’मध्ये हे पार वेगळ्या पातळीवर नेलं. तिथे तुम्ही केलेले निर्णय पुढे जात होते. कुणाला मारलं, कुणाला सोडलं, कुणाला फसवलं. २०१० चा दुसरा आणि २०१२ चा तिसरा भाग ही माहिती वाचायचे. शेपर्ड एकच, पण प्रत्येकाचा इतिहास वेगळा.

माझ्या शेपर्डचा इतिहास तर अर्धाच माझा होता.

०००

पहिला ‘मास इफेक्ट’ मी खेळले नाही, पाहिला. साताऱ्याला मावशीकडे सुट्टीत गेले की दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, कॉम्प्युटरवर बसायचा आणि मी बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत. तो खेळायचा आणि मी “आता काय म्हणणार?” असं विचारून त्याचं डोकं खायचे. व्हर्मायर नावाच्या ग्रहावर एक प्रसंग आहे. रेक्स हा आपल्याच टीममधला क्रोगन. त्याच्या जमातीला जेनोफाज नावाचा, मुद्दाम तयार करून सोडलेला रोग आहे. त्यामुळे हजारातलं एखादंच मूल जगतं. त्या रोगावरचा इलाज शत्रूच्या ज्या तळावर तयार होतोय, तोच तळ आपण उडवायला निघालोय. रेक्स भडकतो, बंदूक काढतो. तुमच्याकडे समजूत घालण्याचं कौशल्य पुरेसं असेल, किंवा त्याचं एक जुनं घरगुती काम तुम्ही करून दिलेलं असेल, तर तो ऐकतो. दादाने सगळे पॉइंट बंदुकीत घातले होते. रेक्स मेला. मी रडले. दादा म्हणाला, “अगं, गेम आहे. चल, जेवायला बोलावतायत.”

पुढे दादा नोकरीसाठी बाहेर गेला आणि तो कॉम्प्युटर आमच्या घरी आला. सेव्ह फाइलसकट. मी दुसरा भाग त्याच्याच शेपर्डला घेऊन सुरू केला. त्यात मॉर्डिन नावाचा एक शास्त्रज्ञ आहे, ज्याने या रोगाची सुधारित आवृत्ती बनवण्यात भाग घेतला होता. त्याच्या एका शिष्याने इलाज शोधण्यासाठी क्रूर प्रयोग केलेले असतात. त्या प्रयोगांची माहिती ठेवायची की पुसायची हे आपण ठरवायचं. असल्या छळातून मिळालेलं काही नको म्हणून मी ती पुसली. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला तत्त्वं फार होती.

तिसऱ्या भागात या दोन्ही गोष्टींचा हिशेब झाला. रेक्स नव्हता, म्हणून क्रोगनांचा प्रमुख होता रीव्ह. तो रक्तपिपासू, सूडाच्या गोष्टी करणारा. माहिती पुसलेली होती, म्हणून ज्या क्रोगन स्त्रीवर पुढची सगळी आशा होती, ती वाचली नाही. आता इलाज पसरवायचा की नाही? रेक्स असता तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं. रीव्हच्या हातात ती जमात द्यायची मला भीती वाटली. नेमक्या याच परिस्थितीत मॉर्डिनची समजूत घालता येते की इलाज नको. तो ऐकतो आणि जगतो. इलाज पसरवायला गेला असता तर मेला असता. म्हणजे दादाने चुकून मारलेला एक आणि मी तत्त्वापायी गमावलेली एक, या दोघांमुळे माझा लाडका मॉर्डिन वाचला आणि एक आख्खी जमात वांझ राहिली.

मी रात्री दादाला फोन केला. म्हटलं, “तू रेक्सला मारलं नसतंस ना...” तो काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, “पॉइंट्स नव्हते गं माझ्याकडे.” पाच वर्षं झाली होती. त्याच्या लक्षात होतं.

हा परिणाम कुठलीही कादंबरी देऊ शकत नाही, सिनेमा देऊ शकत नाही. कादंबरीतलं पात्र मरतं तेव्हा मारणारा लेखक असतो. आपण दुःख करतो, पण आपले हात स्वच्छ राहतात. इथे लेखकाने बंदूक आमच्या हातात दिली आणि कागदावर आमची सही घेतली. आणि मग पाच वर्षांनी तोच कागद काढून समोर धरला. इम्पोर्टचं मोल हे आहे. जास्तीचे संवाद, जुन्या पात्रांचं दर्शन वगैरे सगळं त्यानंतर.

०००

आता दुसऱ्या बाजूचे युक्तिवाद घेऊ, कारण ते फालतू नाहीत.

पहिला युक्तिवाद गणिताचा. दहा निर्णय, प्रत्येकात दोन पर्याय, म्हणजे १,०२४ वेगवेगळी जगं. वीस निर्णय घेतले तर १०,४८,५७६. एवढी जगं कोण लिहिणार, कोण आवाज देणार, कोण तपासणार?

ऐकायला हे बिनतोड वाटतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की प्रत्येक जगासाठी वेगळी गोष्ट लिहावी लागते. तशी ती लागत नाही, हे बायोवेअरनेच दाखवून दिलंय. रेक्स मेला तर त्याच्या खुर्चीत रीव्ह बसतो. प्रसंग तेच, जागा त्याच, युद्ध तेच. खुर्चीतला माणूस बदलला की त्याच प्रसंगाचा अर्थ बदलतो. ‘इन्क्विझिशन’मध्ये एका जागी तुम्हाला दोघांपैकी एकाला मागे, मरायला सोडून यावं लागतं. एक हॉक, म्हणजे दुसऱ्या भागातला तुमचा नायक. दुसरा एक ग्रे वॉर्डन. हा वॉर्डन कोण? पहिल्या भागात तुम्ही काय केलंत त्यावर तो अ‍ॅलिस्टर असतो, लोगेन असतो, नाहीतर स्ट्राउड. लिहिणाऱ्याने एकच प्रसंग लिहिला आणि त्यात तीन माणसांसाठी जागा ठेवली. ज्याच्या वाट्याला स्ट्राउड आला त्याने निर्णय दहा सेकंदांत घेतला. ज्याच्यासमोर अ‍ॅलिस्टर उभा होता, तो गेम थांबवून पाणी प्यायला उठला. एवढ्यासाठी दहा लाख जगं लागत नाहीत. खुर्च्या मोजक्या आणि नीट निवडलेल्या असाव्या लागतात.

दुसरा युक्तिवाद नव्या खेळाडूंचा. ज्याने आधीचे भाग खेळलेच नाहीत त्याला हे ओझं का?

ओझं नाहीच. २०१५ च्या ‘विचर ३’मध्ये तुम्ही जुन्या भागाचे निर्णय घ्यायचं ठरवलंत, तर व्हिझिमाच्या राजवाड्यात गेराल्टची दाढी होत असताना एक सेनापती त्याला मागच्या घटनांबद्दल विचारतो. गप्पांच्या ओघात पाच-सहा प्रश्न होतात, दाढी होते, इतिहास ठरतो. नको असेल तर हा पर्याय बंद ठेवा, कुणी काही विचारणार नाही. प्लेस्टेशन ३ वर पहिला ‘मास इफेक्ट’ नव्हता, तर दुसऱ्या भागाबरोबर एक चित्रकथा दिली, तिच्यात महत्त्वाचे निर्णय घेता येत होते. २०१४ मध्ये तर बायोवेअरने ‘ड्रॅगन एज कीप’ नावाची वेबसाइटच काढली. जुनी सेव्ह नसली तरी चालेल, तिथे बसून आपलं जग एकेक निर्णय करून जुळवा आणि ‘इन्क्विझिशन’ला द्या. हे सगळे मार्ग सापडलेले, वापरलेले आहेत. ते माहीत असूनही दहा वर्षांनी तीन प्रश्न विचारले, म्हणून राग येतो.

आणि नव्या खेळाडूंची एवढी काळजी असेल तर एक गोष्ट पाहा. इम्पोर्ट न करता ‘मास इफेक्ट २’ सुरू केला की रेक्स मेलेला असतो. कंपनीनेच तसं ठरवून ठेवलंय. म्हणजे नव्या माणसाला रेक्स कोण होता हे कळायच्या आधीच त्याच्या नावावर त्याचा खून टाकलेला असतो. तो त्याला कधी भेटलाच नाही, म्हणून त्याला त्याचं काही वाटतही नाही. इतिहास विसरणं म्हणजे कोरी पाटी, हा गैरसमज आहे. पाटी कधीच कोरी नसते. तुम्ही लिहिलं नाही तर दुसरं कुणीतरी लिहून ठेवतं.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खुपतो. “तुझं जग तुझ्या डोक्यात आहे ना? मग तेच खरं मान.” डोक्यातच ठेवायचं होतं तर मी तीन हजारांचा गेम कशाला घेतला? डोक्यात तर मी रेक्सला वाचवलेलंही आहे, शंभर वेळा. माझ्या इच्छेपेक्षा वेगळं असं काहीतरी बाहेर घट्ट उभं आहे, मी केलेलं मला नाकारता येत नाही, हाच तर मुद्दा होता.

०००

पण आमच्या बाजूच्या लोकांशीही मला भांडायचंय. कारण चाहते म्हणून आपण एक चुकीची मागणी करत आलो. प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवा, आम्ही मांजर झाडावरून उतरवलं तर पुढच्या भागात मांजराचं आभारपत्र आलं पाहिजे. ती पत्रं आलीही. ‘मास इफेक्ट २’मध्ये जहाजावरच्या इनबॉक्समध्ये अशा ईमेल येत राहायच्या. वाचायला बरं वाटायचं, बदलायचं काही नाही. आपण यादीवर खूश होत गेलो आणि कंपन्यांना वाटलं यांना यादीच हवी आहे.

लक्षात ठेवल्याचं नाटक हे विसरण्यापेक्षा वाईट. रॅक्नाय राणीचं उदाहरण घ्या. पहिल्या भागात एका आख्ख्या प्रजातीची शेवटची राणी मारायची की सोडायची, हा निर्णय तुमच्यावर. तिसऱ्या भागात राणी असतेच. सोडली असेल तर तीच, मारली असेल तर शत्रूने बनवलेली दुसरी. पुढे त्या दोघींत थोडा फरक पडतो, पण मिशन तेच. मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून अँडरसनला निवडा नाहीतर उदिनाला, तिसऱ्या भागात खुर्चीत उदिनाच. इथे गेमला माझं उत्तर आठवत होतं, पण ते अडचणीचं होतं म्हणून त्याने ते गुंडाळून ठेवलं.

याउलट कॉनराड व्हर्नर. शेपर्डचा वेडा चाहता, एक विनोदी पात्र. एका तांत्रिक चुकीमुळे तुम्ही त्याच्याशी कितीही प्रेमाने वागलात तरी दुसऱ्या भागात तो म्हणायचा, शेपर्डने माझ्या तोंडासमोर बंदूक धरली होती. तिसऱ्या भागात लेखकांनी त्यालाच त्याबद्दल माफी मागायला लावली. आम्ही हसलो आणि माफही केलं. चूक झाली तरी चालते हो. पण चूक कबूल करायलासुद्धा आधी लक्षात ठेवावं लागतं.

म्हणून माझी मागणी ‘सगळं लक्षात ठेवा’ अशी नाही. कमी विचारा, पण विचारलं तर उत्तर पाळा. तीन निर्णयच पुढे न्यायचे असतील तर न्या, माझी हरकत नाही. ते तीन असे हवेत की ज्यांनी पुढच्या भागातला एखादा प्रसंग उलटा होईल. आणि ज्या निर्णयांचं ओझं पुढे न्यायची तयारी नाही, त्यांच्या वेळी गंभीर संगीत वाजवून, जगाचं भवितव्य तुमच्या हाती आहे असं आम्हाला सांगू नका.

०००

कंपन्यांनी आता एक चौथी वाट शोधली आहे. पळून जायचं. २०१७ चा ‘मास इफेक्ट : अँड्रोमेडा’ थेट दुसऱ्या आकाशगंगेत गेला, सहाशे वर्षांनी. मागच्या तीन गेमबद्दल त्याने एकच विचारलं, शेपर्ड पुरुष होता की स्त्री. ‘व्हेलगार्ड’ उत्तरेला टेव्हिंटरकडे सरकला आणि दक्षिणेचं, म्हणजे ज्या प्रदेशात आम्ही तीन गेम घाम गाळला त्याचं, काय झालं हे पत्रांतून कळवलं. तिथे धूळधाण चालू आहे म्हणे. गादीवर मी बसवलेला राजा होता की राणी, याचं उत्तर द्यायला नको म्हणून गादीच मोडायची. घरमालकाने भाडेकरूची तक्रार ऐकायला नको म्हणून इमारत पाडावी, तसं हे झालं.

यावर कुणी म्हणेल की त्या गेमच्या निर्मितीत अडचणी होत्या. होत्याच. मधल्या काळात तो ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम म्हणून घडवला जात होता, मग पुन्हा एकट्याने खेळायचा झाला. अशा ओढाताणीत लेखकांनी जे उभं केलं त्याबद्दल मला आदरच आहे. त्यातली काही सोबती पात्रं मला मनापासून आवडली. आणि इम्पोर्ट नसल्यामुळे गेम कमी खपला असला दावाही मी करणार नाही, खपाची कारणं अनेक असतात. माझी तक्रार खपाची नाही, दिलेल्या शब्दाची आहे.

शब्द पाळायचा नसेल तर एक प्रामाणिक मार्ग आहे. उघड सांगा. ‘विचर ४’ची पहिली झलक डिसेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हाच दिसलं की नायिका सिरी आहे आणि ती विचर झालेली आहे. मी ‘विचर ३’मध्ये तिला सम्राज्ञी केलं होतं. मला वाईट वाटलं? थोडं. फसवल्यासारखं वाटलं? नाही. कारण लेखकाने पहिल्याच दृश्यात सांगून टाकलं की ही गोष्ट या सिरीची आहे. मग मला घ्यायची तर घेईन, नाही तर नाही. लेखकाचा तो हक्क मी मानते. पण एकाच वेळी “तुमचे निर्णय महत्त्वाचे” हे जाहिरातीत आणि “ते कोण लक्षात ठेवतं” हे गेममध्ये, असं दोन्ही चालणार नाही.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे नवा ‘मास इफेक्ट’ येतोय. घोषणा २०२० मध्येच झाली, झलकीत लियारा दिसली. तिसऱ्या भागाला मूळचे तीन शेवट, आणि २०१२ च्या मोफत विस्तारानंतर चार. यंत्रांचा नाश, त्यांच्यावर ताबा, दोघांचं मीलन, किंवा नकार आणि पराभव. ही चार जगं एकमेकांत बसत नाहीत. तेव्हा काहीतरी ठरवावं लागेल. माझं म्हणणं इतकंच, की ठरवा आणि तोंडावर सांगा. एक शेवट खरा धरायचा असेल तर धरा, पण मग त्या चौकटीत राहून दोन-चार खुर्च्या आमच्यासाठी मोकळ्या ठेवा. रेक्स की रीव्ह. इलाज की वांझपण. गेथ आणि क्वेरियन यांच्यात समेट की एकाचा संहार. तो समेट साधायला दुसऱ्या भागात तालीचा खटला नीट लढवावा लागायचा, लीजनचं काम करावं लागायचं. ज्यांनी ते केलं त्यांना फुकट काहीच मिळालेलं नव्हतं.

दादा आता चाळिशीला आलाय, त्याला सहा वर्षांची मुलगी आहे. मागच्या दिवाळीत तो आला होता तेव्हा २०२१ मध्ये आलेला तिन्ही भागांचा एकत्र संच माझ्या लॅपटॉपवर होता. म्हटलं, खेळ पहिल्यापासून. या वेळी त्याने आधी रेक्सचं घरगुती काम करून दिलं, वर समजूत घालण्यातही पॉइंट घातले. व्हर्मायर आलं. रेक्सने बंदूक खाली केली. दादा काही बोलला नाही, लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “आता पुढचं तू कर. आणि ती माहिती पुसू नकोस.”

जुनी सेव्ह मी पुसलेली नाही. पेन ड्राइव्हमध्ये आहे, त्यात रेक्स मेलेलाच आहे. ती वाचणारा गेम कुणी बनवला नाही तरी ती तिथे राहील. पण बनवणारे पुन्हा एकदा गंभीर चेहरा करून मला विचारणार असतील की या जगाचं काय करू, तर त्यांना मी आधी विचारणार आहे, मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं ते आठवतंय का?